उरलेले पऱ्हे

कोसंबघाट, २१ जुलै

गुणवंता,

हे पत्र पाहून घाबरू नको. मी जिती-जागती आहो, हातापायानं धड आहो, अन् टोल्यावर नीलाबाईच्या ओसरीत बसून लिहून राह्यली.

माह्या फोन पुरात भिजला. नीलाबाईनं त्याले तांदळाच्या डब्यात ठेवून पाह्यलं, पण त्यानं डोळे उघडले नाई. फोन चांगला असता तरी मी लिहूनच पाठवलं असतं म्हणा. फोनवर तू मले बोलू कुठी देतं? मी हॅलो म्हणलं का तुह्यं सुरू होते, अन् मी नुसती हो हो करत राह्यते. धाकटा भाऊ असून मोठ्या बहिणीले भाषण देतं. कागदावर तुले मधात बोलता येत नाई.

तर आयक. वैनगंगा पहिले नाल्यानं मागून आली, मंग सामोरून आली. वरच्या धरणाचे दरवाजे उघडले व्हते म्हणतात. ते सांगाले भोंगा लावून गाडी आली, तवा आपल्या शेजारच्या हरिदासच्या गोठ्यात पाणी शिरलं व्हतं. भोंगेवाला म्हणे, "नदीकाठी जाऊ नका." हरिदास म्हणे, "बावा, नदीच आमच्याकडे आली, आता आमी कुठी जाऊ?" त्यानं गाडी फिरवली अन् गेला.

घराची मागची भिंत बसली, बाकी घर उभं हाये. बांधीचं मात्र विचारू नको. रोवण्यासाठी टाकलेले धानाचे पऱ्हे चांगले वीतभर झाले व्हते, हिरवेगार. ते सगळे सडले. अन् बांधीत असा गाळ भरला का पाय टाकला तर पिंढरीपर्यंत जाते. तुह्ये भाऊजी गेल्यापासून माह्यं सालभराचं खाणं त्या एका धानाच्या बांधीवर हाये, ते तुले सांगाव लागत नाई.

सरकारची बोट आली, आली नाई असं नाई. पाणी गुडघ्याखाली गेल्यावर आली. रेतीत फसली, तर गावातल्याच लोकायनं ढकलून काढली. तिच्यात उभं राहून एका साहेबानं फोटो काढून घेतला. त्याचे बूटही ओले झाले नाई.

नीलाबाई तुले आठवते ना? दरसाली आपल्या रोवण्याले बायांची टोळी घेऊन येते ते. तिची वस्ती, तो टोला, जंगलाच्या कडेनं उंचावर हाये, तिथी पाणी चढत नाई. तिनं मले ठेवून घेतलं. मी झाडू घेतला का हातातून हिसकून घेते. म्हणते, "बसा बाई, तुमी पाव्हण्या." इतकं तर मले माहेरी कोणी बसवून ठेवलं नाई.

पंचनामा कवा होते अन् कोण करते, ते तू पाह्य. तुले सरकारचं समजते.

तुही बाई,
सुगंधा


माजरी, २५ जुलै

बाई,

तुझं पत्र तुझ्या भावजयीनं, चंचलनं मोठ्यानं वाचलं. मी मधात तोंड उघडलं की हातानं थांबवायची. म्हणजे तुझं काम झालं.

आता माझं ऐक. पूर आला त्या दिवशी टीव्हीवर गावाचं नाव पाह्यलं. तुझा फोन लागेना. मी आपत्तीच्या नंबरावर फोनवर फोन केले. कोणी उचलायचा, कोणी ठेवून द्यायचा. शेवटी एकजण म्हणाला, "कोसंबघाटचे सगळे लोक आमच्या बोटीनं सुरक्षित जागी हलवले आहेत." बाई, मी खाणीच्या ऑफिसात सगळ्यांसमोर रडलो. त्याला मेसेज करून आभार मानले. तो मेसेज त्यानं वर पाठवला, अन् पेपरात छापून आला, माझ्या नावासकट. तू त्या फोटोवाल्या साहेबाला नावं ठेवतेस, ठेव. ती बोट दुसरी असेल. त्यांच्यातही भली माणसं आहेत, अन् माझी बहीण त्यांच्यामुळं जिवंत आहे, एवढं मी विसरणार नाही.

पण पंचनाम्याचं तसं नाही. मागच्या पुराच्या वेळी काय झालं, आठवते ना? गावानं घाईघाईनं गाळ उपसला, बांध्या चिखलून रोवल्या, अन् साहेब आले तेव्हा म्हणाले, नुकसान दाखवा. काय दाखवणार? सगळे तोंड वासून उभे राह्यले. या खेपेस कशालाच हात लावू नको. गाळ तसाच राहू दे, सडलेले पऱ्हे तसेच राहू दे. साहेब येऊन डोळ्यानं पाहील तेव्हाच हात लावायचा. मी हरिदासलाही हेच सांगितलं आहे. त्याला पटलं, अन् तो गावाला पटवून राह्यला. इथं मी अर्ज देऊन आलो, दोन पत्रकारांनाही भेटलो.

तोवर तू माजरीला का येत नाहीस? चंचल वाट पाहून राह्यली.

गुणवंत


कोसंबघाट, २ ऑगस्ट

गुणवंता,

पेपरात तुह्यं नाव आलं, तुह्या जिवाले शांती लागली, ते आयकून बरं वाटलं. त्याचं मंग कवातरी बोलू.

मी आता घरी आली. मागच्या भिंतीच्या जागी ताडपत्री बांधली. तू सांगतलं तसं केलं, कशाले हात लावला नाई. गावानं बी नाई लावला. सगळे रोज सकाळी बांधीच्या कडेच्या धुऱ्यावर जातात, गाळाकडे पाहतात अन् परत येतात. हरिदास रस्त्याकडे डोळे लावून बसते. मोटरसायकल वाजली का उठते. काल उठला तर आईसक्रीमवाला निंघाला.

साहेबाचा पत्ता नाई. एक दिवस म्हणतात पुढच्या आठवड्यात, मंग म्हणतात साहेबाची ट्रेनिंग हाये, मंग म्हणतात त्यायचं मशीन बिघडलं. आमचा रोवणा बिघडून राह्यला, त्याचं काय?

अन् आता एक नवीनच झालं. काल नीलाबाई आली. टोल्यावरचे रोवणे आटोपले. तिथी पाणी चढलं नाई म्हणून पऱ्हे उरले. त्यायच्या टोल्यात अशी रीत हाये का उरलेले पऱ्हे विकाचे नाई अन् ढोरापुढं टाकाचे नाई. ज्याची बांधी उघडी राह्यली त्याच्या बांधीत जाऊ द्याचे. नीलाबाई म्हणे, "बाई, तुमच्यासाठी राखून ठेवले. म्हणान त्या दिवशी घेऊन येतो, अन् आमीच रोवून देतो. रोजी नाई घेत."

मी तिले पंचनाम्याचं समजावलं. साहेबाले नुकसान दिसलं पाह्यजे म्हणलं. तिनं आयकून घेतलं अन् म्हणाली, "म्हणजे साहेबाले दाखवासाठी तुमी सालभर उपाशी राहाल?" मी चहा ठेवाले उठली. ती राग धरून गेली. चहाही घेतला नाई तिनं.

तिचे पऱ्हे म्हातारे होऊन राह्यले. अजून थोडे दिवस, मंग रोवून उपेग नाई, नुसता कोंडा भरते. माह्या मनात काय हाये ते तू समजून घे, अन् लवकर लिही.

सुगंधा


माजरी, ५ ऑगस्ट

बाई,

नाही. अजिबात नाही.

तुझी बांधी रस्त्याला लागून आहे. गावात शिरणाऱ्या माणसाला पहिले तीच दिसते. ती हिरवी दिसली की त्यांना बहाणाच पाहिजे, म्हणतील, इथं तर रोवणी झाली, कशाचं नुकसान? तुझ्या एका बांधीपायी सगळ्या गावाच्या तोंडाला पानं पुसतील. हरिदास मला फोनवर म्हणाला, "बाईले सांग, आमी सगळे थांबून आहो." मी त्याला शब्द दिला आहे.

मी तालुक्याच्या साहेबांशी स्वतः बोललो. आठ दिवसांत माणूस पाठवतो म्हणाले. एवढे दिवस थांबलीस, अजून आठ दिवस थांब.

नीलाबाईला सांग की तिनं तुला घरात ठेवलं, जेवू घातलं, ते उपकार आहेत. पण त्यासाठी एवढं पेचात पडायचं कारण नाही. पऱ्हे तर पऱ्हे आहेत. वर्षभराचे तांदूळ मी तुला माजरीहून पाठवीन, तू फिकीर करू नको.

गुणवंत


कोसंबघाट, १३ ऑगस्ट

गुणवंता,

तुह्यं पत्र आलं तवा मी बांधीतच व्हती. पोस्टमन धुऱ्यावरून हाका मारून राह्यला व्हता अन् माह्ये दोन्ही हात चिखलात. म्हणजे तुले समजलं असन.

तुले राग येईन. येऊ दे. पण पहिले मी तुले एक सांगतो, ते मी पहिल्या पत्रात सांगतलं नाई. तुले सरकारच्या बोटीनं इतकं समाधान वाटलं का मले तुह्यं मन मोडाव वाटलं नाई.

मले कोणत्याच बोटीनं काढलं नाई.

गाव टोल्याकडे निंघालं तवा मी गाय सोडाले मागं फिरली. गाय सुटली, पण रस्ता पाण्याखाली गेला. मी शाळेच्या छतावर चढली. तो दिवस तिथी गेला, दुसराही उजाडला. दुपारी एक हेलिकॉप्टर डोक्यावरून गेलं. मी लुगड्याचा पदर सोडून हलवला, बोंबलली. ते गेलं निंघून. मंग मी बसली. नदीचा आवाज असा व्हता का माह्यं रडणं मलेच आयकू येत नव्हतं. खरं सांगतो, मी तुह्यं अन् चंचलचं नाव घेतलं अन् म्हणलं, झालं आता.

तवा झाडायच्या मधातून डोंगा आला. नीलाबाईचा घरवाला, जंगूभाऊ, बांबूनं रेटत व्हता. अन् सामोर नीलाबाई बसली व्हती. गुणवंता, तिले पोहता येत नाई. पाण्याले ती लहानपणापासून भेते, नाल्यात पाणी असलं तर रोवण्यालेही दुरून फिरून येते. मी मंग तिले इचारलं, तू काऊन आली? तर म्हणे, "एकट्या माणसानं बाईमाणसाले कसं ओढून घ्याचं? तुमी लाजले असते अन् पडले असते. बाईले बाईनंच हात द्याव लागते." तिनं मले दोन्ही हातानं धरून डोंग्यात घेतलं अन् टोल्यापर्यंत सोडलं नाई.

त्याच हातानं तिनं माह्यासाठी पऱ्हे राखून ठेवले. तू लिहितं का पऱ्हे तर पऱ्हे आहेत. तुह्ये तांदूळ येतीन गाडीत बसून, मले माहीत हाये, तुह्या जीव हाये माह्यावर. पण तिले मी नाई म्हणू? माह्यं तोंड उचललं नाई रे.

मी सोता टोल्यावर गेली अन् म्हणलं, घेऊन ये. दुसऱ्या दिवशी सगळ्या बाया आल्या, डोक्यावर पऱ्ह्यांच्या पेंढ्या घेऊन. टोल्यावरच्या लच्छूच्या नांगरानं गाळ चिखलून घेतला. त्याच गाळात असे भराभर पऱ्हे बसले का मी पाहतच राह्यली.

आता पुढचं आयक, अन् हासू नको. काल रोवण्याचा शेवटचा दिवस व्हता. तुले माहीत हाये, शेवटल्या दिवशी बाया मालकिणीले चिखल फासतात, अन् धुऱ्यावर जो सापडन त्यालेही. मले फासून झालं. तेवढ्यात एक पोरगेला साहेब पांढरा सदरा घालून, मोबाइल धरून धुऱ्यावर उभा. आमाले काय माहीत तो पंचनाम्यावाला हाये म्हणून? इतक्या दिवसात आला नाई, तो काय रोवण्याच्या शेवटच्या दिवशी येईन? बायायनं त्याले घेरलं अन् दोन्ही गाल भरून देल्ले.

तो रागावला नाई, हे त्याचं चांगलं. धुऱ्यावर बसून आमच्यासोबत अंबील पेला. मंग तोंड पुसून म्हणे, "मावशी, मी आता काय लिहू? या मोबाइलात आज जे दिसते तेच जाते. मले तर हिरवं दिसून राह्यलं, अन् बाया हासताना दिसून राह्यल्या." मी म्हणलं, तू पंधरा दिवस पहिले आला असता तर आमी रडताना दिसलो असतो. तो खाली पाहून म्हणे, "मी एकटाच हाये मावशी, अन् गावं लय हायेत." मले त्याचीच कीव आली.

माह्यं नुकसान झालं नाई म्हणून नोंद झाली. त्याचं मले काई नाई. पण हरिदास माह्याशी बोलत नाई. त्याची घरवाली विहिरीवर मले पाहून घागर अर्धीच भरून गेली. ते मले लागलं.

तुही बाई,
सुगंधा


माजरी, १८ ऑगस्ट

बाई,

चंचल पत्र वाचून राह्यली होती, छतावरचं आलं तिथं तिनं कागद माझ्या हातात दिला. पुढचं मी वाचलं.

तू सांगायला पाहिजे होतं. एवढं मोठं तू पोटात ठेवलंस, अन् मी इकडं पेपरातलं कात्रण लोकांना दाखवत फिरलो. त्या माणसाला मी परत फोन केला. म्हणालो, माझ्या बहिणीला तुम्ही काढलं नाही. तो म्हणे, "आमच्याकडं तुमचं गाव हलवलं अशीच नोंद आहे." मी म्हणालो, ती छतावर होती. तो परत तेच म्हणाला. मी फोन ठेवला. भांडायचीही ताकद राहिली नाही.

बांधीवरून मी तुझ्यावर रागावलो होतो. आता नाही. मी तिथं असतो तर मलाही नाही म्हणता आलं नसतं. ते तांदळाचं जे लिहिलं, ते मनावर घेऊ नको.

या रविवारी आम्ही दोघं येतो. पहिले टोल्यावर जाऊ, मग तुझ्याकडं. मला नीलाबाईसमोर काय बोलायचं ते सुचत नाही. काय आणू तिच्यासाठी, ते चंचलला कळव.

गुणवंत


माजरी, २४ सप्टेंबर

बाई,

टोल्यावरून आल्यापासून तुला लिहिलं नाही. नीलाबाईच्या पाया पडायला वाकलो तर तिनं मला दंडाला धरून उभं केलं अन् म्हणाली, "हे काऊन? हात धुवा, जेवाले बसा." चंचल अजून त्या जेवणाचं बोलते. आंबाडीची भाजी अन् भात, एवढंच होतं, पण जंगूभाऊ असे वाढत होते की आम्ही दोघं जणू जावईच.

आज वाईट लिहायचं आहे म्हणून एवढं चांगलं आठवून घेतलं.

पंचनाम्याचं ठरलं. तुझ्या बांधीत नुकसान नाही, ते माहीतच होतं. पण गावानं ज्या बांध्या उघड्या ठेवल्या, त्या पडीक म्हणून गेल्या. यंदा पेरणीच झाली नाही, मग पिकाचं नुकसान कसलं, असं म्हणतात. पऱ्हे सडले होते, गाळ होता, सगळे फोटो दाखवले. म्हणतात, फोटो आधीचे आहेत. बाई, रोवलं तरी नुकसान नाही अन् नाही रोवलं तरी नाही. मग पूर आला तो कुणाच्या शेतात?

मी वरती अपील केलं आहे, भांडणार आहे, सोडणार नाही. पण हरिदासनं माझ्या शब्दावर बांधी उघडी ठेवली. टोल्यावर पऱ्हे होते तेव्हा त्यालाही मिळाले असते. माझ्यामुळं त्याच्या घरी यंदा धान नाही. त्याला मी काय तोंड दाखवू? तूच त्याला सांग. मला फोनवर बोलवत नाही.

गुणवंत


कोसंबघाट, ३० नोव्हेंबर

गुणवंता,

लय दिवस लावले मी लिहाले, कारण हरिदासले सांगाची माह्यी बी हिंमत झाली नाई. अन् सांगाची गरज पडली नाई. त्याले तालुक्याच्या हाफिसातूनच समजलं व्हतं. तिथून आल्यावर तो आपल्या पडीक बांधीत दिवसभर एकटाच बसून व्हता. मी घरातून पाहत व्हती, पण जवळ गेली नाई.

मंग धान पिवळं झालं. सगळ्या शिवारात माह्यी एकटीचीच बांधी उभी. पाहून खुशी होये अन् त्यापेक्षा जास्ती लाज वाटे.

कापणीच्या दिवशी सकाळी मी टोल्यावरच्या बायायची वाट पाहून राह्यली, तर हरिदास अन् त्याची घरवाली इळे घेऊन धुऱ्यावर उभे. मले वाटलं, आता हा मनातलं सगळं बोलते. मी उभी राह्यली, म्हणलं बोल बावा. तो म्हणे, "बाई, कोणत्या कोपऱ्यातून धरू?"

मी त्याले म्हणलं, गुणवंताले तुह्या तोंडासामोर येता येत नाई. तो कापता कापताच म्हणाला, "गुणवंताले सांगजा, तो आमच्यासाठी भांडून राह्यला हे मले माहीत हाये. दुसरं कोण भांडते आमच्यासाठी? त्याले म्हणावं भांडणं सोडू नको. अन् जेवाले ये." मले तिथीच रडू फुटलं. विहिरीवर पाठ फिरवून गेलेली त्याची घरवाली माह्ये डोळे पुसाले धावली.

धान चांगलं झालं. गाळानंच पिकवलं म्हणतात सगळे. जंगूभाऊ बैलं घेऊन खळ्यावर धान चुरण्याले आला. नीलाबाईचा वाटा मी पोत्यात भरून ठेवला व्हता, पण तिनं हात लावला नाई. म्हणे, "बाई, उरलेल्या पऱ्ह्याचं परत घेत नसतात. पुढल्या साली तुमी जास्तीचे पऱ्हे टाका. कोणाची ना कोणाची बांधी उघडी राहीनच. आमच्या टोल्यावर टाका, तिथी पाणी चढत नाई."

मी बियाण्याचं धान वेगळं काढाले बसली. माह्या बांधीले लागते त्याच्या दुप्पट काढलं. हरिदास ओसरीत बसून पाहत व्हता. कापणीच्या मजुरीचं धान त्याच्या पोत्यात व्हतं. यंदा त्याच्या घरी तेवढंच धान हाये गुणवंता, ते बी संक्रांतीपर्यंत पुरणार नाई. तो उठला, त्यानं पोत्याचं तोंड सोडलं, सूप भरलं अन् माह्या बियाण्यात वतून देल्लं. मी त्याचा हात धरला तर म्हणे, "राहू द्या बाई. माह्याकडून बी कोणासाठी जास्तीचे टाका."

सुगंधा